सहा टोकांची मोटार

मोटार जळते कशी, हे मला वर्गात कुणी शिकवलं नाही. औशाला आमच्या गल्लीत मोटारी भरून देणाऱ्या एका चाचांचं दुकान होतं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर कितीतरी महिने पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या गावांच्या पाण्याच्या मोटारी त्यांच्याकडे जळून यायच्या. लाईटीला दाब नसायचा, मोटार नुसती गुरगुरायची आणि जायची कामातून. माणसं दारात उभी राहून म्हणायची, "चाचा, आजच द्या, शेडात प्यायला थेंब न्हाई." चाचा जळकी तार खरवडून काढायचे आणि नवी भरायचे. मी शाळेतून येता-जाता बघत उभी राहायचे. इथल्या माणसाला इथंच दुरुस्त करता येईल अशी मोटार आपण करायची, हे खूळ तेव्हाच डोक्यात शिरलं.

घरानं मात्र मला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. लातूरला तेव्हा क्लासेसचं पीक आलं होतं. माझे मोठे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांचाही क्लास जोरात चालायचा. बारावीला माझं मेडिकल दोन-चार मार्कांनी हुकलं. काका म्हणाले, "रिपीट कर." मी म्हणाले, "करणार न्हाई," आणि नांदेडला इलेक्ट्रिकलला गेले. हा अपमान काकांना काही पचला नाही. शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टला मोटार करतेय असं कळल्यावर त्यांनी वडिलांसमोर अट घातली. परीक्षेत मोटार फिरली तर पोरगी मोकळी, तिनं हवं ते करावं. नाही फिरली तर जूनपासून त्यांच्या क्लासला फिजिक्स शिकवायचं. वडिलांनी थोरल्या भावाचा शब्द कधी मोडला नव्हता, त्यांनी मान डोलावली. मीही तोऱ्यात म्हणाले, "कबूल!"

आमच्या प्रोजेक्टच्या सरांना माझं खूळ पटत नव्हतं. "पुण्याहून कायम चुंबकाची मोटार मागव," ते म्हणायचे. "रोटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, चुंबकं बसवलेलीच असतात. तीन वायरा जोडायच्या, कंट्रोलरनं करंट त्या चुंबकाच्या पुढंपुढं फिरवायचा, की झालं." मोटार झकासच असते ती, नाही कोण म्हणतंय? पण ते चुंबक तापून मेलं, तर आमच्या औशात त्याला कोण जिवंत करणार?

मला चुंबक नकोच होतं. माझ्या मोटारीचा रोटर म्हणजे नुसत्या लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्याला चार दात. तार नाही, चुंबक नाही, जळायला काही नाहीच. बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाला, स्टेटरला, सहा दात, त्यांवर तारेच्या कॉइली. समोरासमोरच्या दोन कॉइलींची एक जोडी, अशा तीन जोड्या. एका जोडीत करंट सोडला की जवळचा लोखंडी दात तिच्याकडे ओढला जातो. तो अगदी समोर यायच्या आत करंट तोडायचा आणि पुढच्या जोडीला द्यायचा. तोडायला उशीर झाला तर तीच जोडी दाताला मागं खेचते. सगळी कंट्रोलरची हुशारी या वेळ साधण्यात. एका जोडीत करंट असताना दुसरी बंद हवी, म्हणून प्रत्येक जोडीची दोन टोकं वेगळी बाहेर हवीत. एकूण सहा.

दात कापून घेतले नांदेडच्या लेथवाल्याकडून. कॉइली भरायला मोटार अर्थातच औशाला चाचांकडे दिली, सोबत जोडणीचा नकाशा काढलेला कागद. परीक्षेच्या तीन दिवस आधी मोटार हॉस्टेलवर आली. वार्निश काय, बांधणी काय, देखणी नुसती! आणि बाहेर टोकं किती? तीन.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली आणि मोटार मांडीवर घेऊन औसा गाठलं. चाचांच्या दुकानात शिरले ती भांडतच.

"चाचा, कागदावर सहा लिवली होती ना?"

"हाव बेटा, पाह्यली मी," चाचा शांतपणे म्हणाले. "तुझी चूक दिसली. आतली गाठ मारायची राहून गेली होती तुझी. म्हटलं, पोरगी शिकून राहिली, कॉलेजात हसतील. म्हणून मीच तीन टोकं आत बांधून दिली."

जन्मभर त्यांनी भरलेल्या मोटारींत ती गाठ असायचीच. माझ्या अब्रूसाठीच त्यांनी ती मारली होती आणि मी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होते. तरी माझा राग काही आवरेना. "मी चुकले नव्हते चाचा! मला एकदा इचारायचं तरी!"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पातं गरम केलं, वार्निश खरवडलं, गाठ शोधून सोडवली आणि तीन नवी टोकं बाहेर काढली. नवं वार्निश लावून वाळत घातलेल्या मोटारीजवळ मी बॅटरी घेऊन बसले. एका जोडीला बॅटरी लावली. खट्! दात समोर येऊन थांबला. दुसरीला लावली, पुन्हा खट्! चाचांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि तिची टोकं उलटी करून लावली.

"उलट लावली तरी ओढतंय की!"

"लोखंड हाय चाचा. त्याला उलटं-सुलटं काय?"

त्यांनी रोटर हातानं फिरवून पाहिला, परत बॅटरी लावली, परत काढली. "म्हंजे हात द्यायचा, आन् जवळ आला की सोडायचा. न्हाईतर तोच अडकवतो." सरांना दोन महिने समजावलेलं या माणसाला दहा मिनिटांत कळलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, आधी फिरव."

फिरवली, पण सहजासहजी नाही. नांदेडला कंट्रोलर जोडला तर रोटर थरथरायचा आणि जागीच अडकायचा. दात कुठं आहे हे सांगणारी खाचांची चकती मी शाफ्टवर बसवली होती, ती जराशी मागं पडत होती. करंट उशिरा तुटत होता. चकती केसभर पुढं सरकवली, आणि मोटार खडखडत, ओरडत, पण फिरली बाई!

परीक्षेच्या दिवशी काका सकाळीच जीप घेऊन हजर. लॅबच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले. बाहेरून आलेले परीक्षक मोटारीभोवती फिरले आणि म्हणाले, "आवाज फार करते." आमचे सर लगेच म्हणाले, "तरी मी हिला सांगत होतो." परीक्षकांनी विचारलं, "एका जोडीची वायर निघाली तर?"

मी करूनच दाखवलं. कंट्रोलरच्या स्विचवर बोट ठेवलं आणि चालत्या मोटारीची एक जोडी बंद केली. मोटार लंगडली, गती उतरली, आवाज आणखी घोगरा झाला. पण उरलेल्या दोन जोड्यांवर ती फिरत राहिली. परीक्षक खाली वाकून बघत राहिले. मग त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर काका हसत म्हणाले, "फिरली! छान झालं. आता तर क्लासची शान वाढली. चल, सामान बांध."

"काका, फिरली तर मी मोकळी, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं गं, पण..." त्यांनी खिशातून एक गुलाबी पत्रक काढलं. क्लासचं. त्यावर ठळक अक्षरात माझं नाव, पुढं 'इंजिनिअर मॅडम, फिजिक्स'. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता. म्हणजे हे केव्हाच छापून झालं होतं! अट घालतानाच या माणसानं गृहीत धरलं होतं की माझ्या हातून काही होणार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पत्रक त्यांच्या हातात परत कोंबलं.

"अगं, लातूरभर वाटलीत ही," काका म्हणाले. "लोकांना काय सांगू मी आता?"

"सांगा, मोटार फिरली."