धुऱ्यावरची चवळी

मोजणी खात्यात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला धुरा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. दोन शेतांमधला हा हातभर बांध, आणि सख्खी भावंडं एकमेकांचं तोंड बघत नाहीत ती बहुतेक त्याच्यापायी. दरवर्षी नांगराचं एक तास, एक चर, पलीकडे सरकवायचं आणि विचारलं की शपथेवर सांगायचं, धुरा इथंच होता. अशी माणसं मी रोज बघितली. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही माझ्या हद्दीजवळ कोणी खुरपं घेऊन वाकलं की मला चैन पडत नाही.

आमची संत्र्याची बाग नरखेड तालुक्यात. बाबांनी हयातीतच ती वाटून दिली, अर्धी मला आणि अर्धी ताईला. भाऊजी गेल्यापासून ताई बागेतल्या दोन खोल्यांत एकटी राहते. मी नागपूरला महालात राहतो आणि रविवारी सकाळच्या एसटीने जातो, संध्याकाळी परततो.

फवारणीच्या दिवसांत ताईला दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाचा वाससुद्धा नको. तेव्हा तिने ठरवलं, मृगाचा एक बहार फवारणीशिवाय काढून बघायचा. माव्याची कीड पडून पानं-फळं कोळशीच्या बुरशीने काळी झाली तर बाग विकायची आणि पुण्याला मुलाकडे जायचं. पुण्याला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिथे माणसं दारं लावून बसतात, मी कोणाशी बोलू, असं ती म्हणायची. हे ऐकून मला तिची काळजी वाटायला हवी होती. मला वाटली शंका.

कारण जूनमध्ये तिने धुऱ्यावर चवळी पेरली. मधे मधे मका, कडेला झेंडू. शिवाय तण उपटायचं नाही, असं मजुरांना बजावलं. मी विचारलं तर म्हणाली, चवळीवर मावा येतो, माव्यावर ढालकिडे येतात, आणि तिथे वाढले की तेच संत्र्यावरचा मावा खायला जातात. चवळीचा मावा वेगळा, तो संत्र्याला काही करत नाही. गावात आलेल्या कृषी सहायकांनी हे दाखवलं होतं म्हणे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आधी फुलंबिलं लावायची, मग सातबाऱ्यावर पेरा दाखवायचा, मग म्हणायचं की ही माझी जुनी वहिवाट आहे. माझ्या टेबलावरून अशा किती फायली गेल्या होत्या.

एका रविवारी दुपारी ती आडवी झालेली बघून मी फीत काढली आणि धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला. इंचाचाही फरक निघाला नाही. ताई माझ्या समजुतीपेक्षा हुशार आहे, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

मी माझ्या भागात, तिच्या खोल्यांपासून लांब, फवारणी करतच होतो. तिने विनवलं म्हणून धुऱ्याजवळच्या दोन ओळी तेवढ्या सोडल्या. ऑगस्टमध्ये बघतो तर त्या दोन ओळींची नवती, म्हणजे नवी पालवी, स्वच्छ, कोवळी, चकचकीत. एखाद्याला आनंद झाला असता. मी मात्र ठरवून टाकलं की मी नसताना ही गुपचूप फवारते आणि दम्याचं नुसतं सोंग करते. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. मग मला बायकोचाही संशय आला.

त्याच महिन्यात छातीची तपासणी करायला ताई नागपूरला आली आणि दोन दिवस आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी काम आहे म्हणून सांगितलं आणि एसटी पकडली.

पावसाने उघडीप दिली होती. चवळीचे शेंडे माव्याने काळे झाले होते आणि त्यांवर काळ्या-पिवळ्या, खरखरीत अंगाच्या अळ्या भराभर चालत होत्या. इतक्या ओंगळ अळ्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. माझी खात्रीच पटली. ही बाई माझ्या बागेच्या उशाशी कीड पोसते आहे, माझी झाडं वाळून बसली की मी कंटाळून जमीन तिच्या गळ्यात टाकीन म्हणून. मी पाठीवर पंप चढवला आणि धुरा पार चिंब केला. खोटं कशाला सांगू, फवारताना मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ताई धुऱ्यावर बसली होती. पदरात मेलेले लाल किडे, काळ्या ठिपक्यांचे, आणि त्यांच्यासोबत त्याच अळ्या. मी म्हटलं, या अळ्या तर किडीच्या. तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं की ही ढालकिड्यांची पिल्लंच, मोठ्यांपेक्षा जास्त मावा हीच खातात.

तिचा संशय नाल्याकडच्या शेजाऱ्यावर होता. बिचारा तिला दूध आणून द्यायचा. तिने त्याच दिवशी त्याचं दूध बंद केलं होतं. मग म्हणाली, "कोनावर भरोसा ठेवाव गा आता? तू हायेस म्हनून बरं हाये."

ते ऐकल्यावर गप्प राहणं मला जमलं नाही. मी सांगितलं की मीच फवारलं. तू आमच्या घरी जेवत होतीस तेव्हा.

तिने पदरातला एक किडा उचलून तळहातावर ठेवला. मग विचारलं, "काहून?"

मी धुऱ्याचं सगळं सांगितलं. वहिवाट, फीत, दोन ओळी, सगळं. सांगताना प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा मूर्खपणाची वाटत होती.

"तुले धुरा पायजे होता त मांगायचा होता," ती म्हणाली. "मी देऊन टाकला असता." मग पदर झटकून ती शेजाऱ्याकडे माफी मागायला गेली.

तिची निम्मी बाग काळी पडली. माझ्या त्या दोन ओळीसुद्धा. उरलेली फळं बरी निघाली, म्हणून तिने पुण्याला जाणं एक वर्ष पुढे ढकललं आणि धुऱ्यावर पुन्हा चवळी पेरली. मी माझा पंप विकून टाकला. तिला तसं सांगितलंही, ती बरं म्हणाली.

अजूनही मी रविवारी जातो. ती चहा देते, पोरांची चौकशी करते, जेवल्याशिवाय सोडत नाही. पण मी धुऱ्याकडे निघालो की हातातलं काम टाकून तीही मागोमाग येते, चवळीपाशी उभी राहते आणि मी परत फिरेपर्यंत माझ्या हातांकडे बघत असते.