ढापिन्स्कीचा सिनेमा

दिवे मालवले की बाई चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या, पुन्हा नाकावर चढवायच्या आणि पडद्याकडे बघून हलकेच म्हणायच्या, "हं, आता फसवा बघू मला."

बहुतेक सिनेमांना ते जमायचं नाही. थोड्याच वेळात बाईंची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजायला लागायची. नायिकेला क्षय झाला की माझ्या कानाशी लागून म्हणायच्या, "बघ, तालात खोकतेय." नायक रडायला लागला की, "ह्याचं नाक कुठे वाहतंय? रडताना ज्याचं नाक वाहत नाही, तो मेला खोटं रडतो." पडद्यावर खेडं आलं की मोठ्यानं, "शेण कुठाय ग?" मागच्या बायका चिडायच्या. बाई वळून त्यांनाच विचारायच्या, "का हो, तुमच्या गावात शेण नसतं?"

आम्ही दोघी जळगावला मुलींच्या शाळेत होतो. त्या इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-बारा वर्षं ती. बाई एकट्याच राहायच्या. सुटीत मुंबईला भावाकडे जाऊन परदेशी सिनेमे अधाशासारखे पाहून यायच्या. एरवी भुसावळला रेल्वेच्या साहेबांसाठी इंग्रजी सिनेमा लागला की पॅसेंजर धरून तिकडे.

जुने मुके सिनेमे म्हणजे त्यांचं दैवत. "बोलायला लागला आणि सिनेमा आळशी झाला. आधी माणूस दार कसं लावतो यावरून कळायचं घरात काय घडलंय. आता दारही लावतो आणि वर सांगतोही." इटलीवाल्यांवर फार जीव. "त्यांच्याकडे माणूस चालतो ग. आपल्याकडे मिरवतो." आणि जपानी सिनेमाबद्दल, "तिथला माणूस गप्प बसला की आपल्याला घाम फुटतो."

सुडाच्या सिनेमांवर त्यांची विशेष नजर. "सूड लोणच्यासारखा मुरू द्यावा लागतो. आपले लोक कैरी चिरली की लगेच ताटात वाढतात." आणि शेवटी सगळ्यांनी सगळ्यांना क्षमा केली, तर घर येईपर्यंत त्या एक शब्द बोलायच्या नाहीत.

रविवारी सकाळचा खेळ सुटला की आम्ही नानांच्या ओट्यावर चहाला थांबायचो. नाना आमच्या गल्लीतले, गावातल्या एका साप्ताहिकाचे संपादक, शिवाय आमच्या शाळेच्या मंडळावर. बाई बोलत सुटायच्या, हातवारे करून अख्खा सिनेमा उभा करायच्या, आणि नाना हनुवटीखाली मूठ धरून ऐकायचे. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा बाईंनी एक लेख लिहून त्यांच्या हाती दिला. नानांनी तिथल्या तिथे वाचला आणि परत केला.

"सुंदर आहे. पण बाई, मास्तरीणबाईंनी सिनेमावर लिहायचं? लोक काय म्हणतील? शाळेचंही नाव आहे."

 बाईंनी लेख घडी करून पिशवीत टाकला.

पुढच्याच महिन्यात साप्ताहिकात नवं सदर सुरू झालं, जागतिक चित्रपटांवर. खाली नानांचं नाव. पहिल्याच लेखात वाक्य होतं, 'रडताना ज्याचे नाक वाहत नाही, तो नट खोटा.' मग दार लावणारा माणूस आला. मग जपानी मौन आलं. दोन वर्षं हे चाललं. गावात नाना सिनेमाचे पंडित ठरले. वकील मंडळी त्यांची वाक्यं बाररूममध्ये ऐकवायची. आमच्या शाळेतली शिपाईण अक्कासुद्धा एक दिवस बाईंना म्हणाली, "बठ्ठा गावमा नानानीच गोठ चालू शे. भलता हुशार माणूस!"

माझं रक्त उकळायचं. मी म्हणायची, "जाऊन तोंडावर सांगा त्यांना!"

"काय सांगू? माझे शब्द चोरले? शब्दांवर काय माझं नाव गोंदलंय?" बाई शांतपणे चहा ओतायच्या. "थांब. कैरी अजून कच्ची आहे."

आणि दर रविवारी त्याच ओट्यावर जायच्या, त्याच उत्साहानं बोलायच्या. मला कळायचंच नाही. हे धैर्य की लाचारी?

मग एका मे महिन्यात त्या मुंबईहून परतल्या आणि पहिल्याच रविवारी नानांना म्हणाल्या, "नाना, असा सिनेमा जन्मात पाहिला नाही. पोलंडचा. दिग्दर्शक ढापिन्स्की."

"कसं लिहायचं?"

"ढ. ढगातला."

मी चहाचा घोट कसा गिळला ते माझं मला ठाऊक.

बाई सांगू लागल्या. बर्फातलं गाव. एक बाई लेस विणते. थंडीनं बोटं फुटलेली, विणताना रक्ताचा थेंब सांडतो, तर ती त्या थेंबाभोवतीच लाल फूल विणते. शेजारचा दुकानदार रोज तिच्या चुलीशी येऊन बसतो, नक्षी बघत राहतो, वाहवा करतो. मग तीच नक्षी शहरात स्वतःची म्हणून विकतो. राजवाड्यात त्याचा सत्कार होतो. बाई दाराबाहेर बर्फात उभी. आतून टाळ्या ऐकू येतात, आणि तिला कळतं, त्या टाळ्या आपल्या आहेत.

सांगता सांगता बाईंचा आवाज कापला. तो कंप खोटा नव्हता.  नानांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता ह्यांना कळेल. आता मान खाली जाईल. पण नाना उतावीळपणे म्हणाले, "मग? शेवट?"

"शेवट पुढच्या रविवारी," म्हणून बाई उठल्या.

पुढच्या रविवारी त्या गेल्याच नाहीत. नानांना तेवढा धीर कुठला? त्या आठवड्यात लेख छापून आला: 'मी पाहिलेला महान चित्रपट.' नानांनी शेवट स्वतःच लावून दिला होता. लेस विणणारी दुकानदाराला क्षमा करते आणि हसतमुखानं बर्फात प्राण सोडते.

बाईंना एवढं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.  "चोरी केली ते केली! माझ्या सिनेमाला क्षमा चिकटवली मेल्यानं!"

थोड्याच दिवसांत धुळ्याच्या एका वाचनालयानं नानांचं व्याख्यान ठेवलं. बाई म्हणाल्या, "चल." आम्ही एस.टी.नं निघालो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा बाईंनी खाली उतरून गरम भजी घेतली. मी पुडा तसाच मांडीवर धरून बसले. त्या म्हणाल्या, "खा ग. अशा कामाला उपाशीपोटी जाऊ नये."

सभागृह भरलेलं होतं. नाना छान बोलले. ढापिन्स्कीच्या बर्फापाशी आले तेव्हा त्यांचा आवाजही कापला, अगदी बाईंचा कापला होता त्याच जागी. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न?

बायकांच्या बाजूनं बाई उभ्या राहिल्या.

"सिनेमा आपण कुठे पाहिलात, नाना?"

नाना दचकले, पण सावरले. "मुंबईस."

"शेवट चुकीचा सांगितलात. ती क्षमा करत नाही."

"आपण... आपण पाहिलाय?"

"नाही. पाहणार कुठून? असा सिनेमाच नाही. मी रचला तो, तुमच्या ओट्यावर बसून." बाईंचा आवाज खणखणीत होता. "शेवट ऐकायचा राहिला होता तुमचा. ऐका. ती बाई भर सभेत उभी राहते आणि म्हणते, हे माझं आहे."

क्षणभर कोणाला काही उमगेना. मग मागच्या बाकावरून कोणीतरी सावकाश म्हणालं, "ढापि... ढापिन्स्की!" आणि हशाचा असा लोंढा आला की अध्यक्षांची घंटा त्यात बुडून गेली. नाना पाण्याच्या तांब्याकडे बघत उभे होते. तुम्ही म्हणाल, दया आली असेल. मला नाही आली. मी टाळ्या वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत.

सदर बंद पडलं. पोरं गल्लीत नानांना बघून 'ढ ढगातला' म्हणू लागली. नानांचा वार मग मंडळातून आला. शिक्षिकेनं प्रतिष्ठित गृहस्थांची जाहीर फसवणूक केली, माफी लिहून द्यावी. बाईंनी लिहून दिला तो राजीनामा.

सामान बांधताना मी विचारलं, "बाई, एवढं मोल द्यायला हवं होतं का?"

"हवं होतं." दोरीची गाठ त्यांनी दातांनी आवळली. मग बराच वेळ खिडकीतून नानांच्या रिकाम्या ओट्याकडे बघत राहिल्या. "ऐकायचा मात्र छान, मेला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

स्टेशनवर मी एकटीच पोचवायला गेले. बायकांच्या डब्यात रावेर-सावद्याकडच्या बायका लेकरांसह बसल्या होत्या. त्यांनी सरकून बाईंना खिडकीशी जागा दिली. मी पाणी भरून आणायला नळावर गेले. परत येते तो बाईंचे हात हवेत होते.

"...आणि तो माणूस गावातला मोठा संपादक, बरं का. आणि ही साधी मास्तरीण..."

एका बाईनं मुलाला भरवायला उचललेला घास तसाच हातात राहिला होता. मी तांब्या खिडकीतून आत दिला. बाईंनी तो माझ्याकडे न बघताच घेतला. शिट्टी झाली, गाडी हलली. मी बरोबर चार पावलं चालले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या डब्यात नानांची पुरती शोभा होत होती, आणि पुढे मुंबईपर्यंत ती होत राहणार होती.

त्यानंतर बाई मला कधी भेटल्या नाहीत. शेवटचं ऐकू आलं ते त्या लेकुरवाळीचं. घास तसाच धरून ती पुढे झुकली होती आणि विचारत होती, "मंग? मंग काय व्हयनं, बाई?"