आबांची होडी आणि माझी टँकरची यादी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत खुर्च्या कमी आणि कामं ढीगभर होती. त्यात दुष्काळ. मी नांदेडला बी.ए. करून नुकताच कारकून लागलो होतो आणि टंचाईचं टेबल माझ्या गळ्यात पडलं. टँकरनं कुठं आधी जायचं, याची यादी मी करायचो आणि साहेब न वाचता सही करायचे. दिवसभर माणसं येऊन भांडायची. संध्याकाळी चाकूरजवळच्या आमच्या गावी परतताना मला बोलायचाही कंटाळा यायचा.

आमच्याकडच्या टँकरचे तीन थांबे होते: आधी गाव, मग तांडा, शेवटी आमची बौद्धवस्ती. हा क्रम जुन्या जिल्ह्याकडून तसाच आला होता, आणि का, ते कुणी विचारत नव्हतं. आमच्यापर्यंत येईतो तळाचा गाळ उरायचा. दोन घागरींसाठी माय अर्धा दिवस उन्हात उभी राहायची. एकदा ती घेरी येऊन पडली. दुसऱ्याच दिवशी मी यादीत हात घातला. गावाला धक्का लावायची माझी छाती नव्हती, म्हणून तांड्याला शेवटी ढकललं.

घरातले रांजण भरले. वस्तीतली माणसं मला ओट्यावर बसवून चहा पाजू लागली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुढं तांड्यावरच्या बायांनी टँकर वाटेतच अडवला, तेव्हा कचेरीत कुणीतरी त्यांना चाचे म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन हे सांगितलं, तर आबा, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत.

आबा तरुणपणी असल्याच एका दुष्काळात मुंबईला गेले होते आणि मालवाहू जहाजावर खलाशी झाले होते. ते जहाज खडकावर फुटलं, एवढंच आम्हाला माहीत. जास्त विचारलं की ते उठून जायचे. त्या दिवशी मात्र स्वतःहून सांगायला बसले, थकल्यासारखे, थांबत थांबत.

जहाज बुडालं तेव्हा एका होडीत अकरा जण उरले. पाण्याचं एकच पिंप. सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, पाणी वाटायचं काम आबांना दिलं. कोरड्या मुलखातला माणूस थेंब सांडणार नाही, असं त्याचं म्हणणं. माणशी दिवसाला दोन झाकणं. होडीत नांदेडजवळच्या लोह्याकडचा एक जण तापानं फणफणत होता. आपल्या मुलखाचा म्हणून आबा त्याला चोरून एक झाकण जास्त द्यायचे. चौथ्या दिवशी ते इतरांनी पाहिलं आणि बंड झालं. सारंगाला बदडलं, सगळे पिंपावर तुटून पडले, आणि ओढाओढीत पिंप कलंडलं. दुसरं जहाज दिसेपर्यंत चौघे गेले. लोह्याकडचा पहिला.

"बंड त्यांनी केलं," आबा म्हणाले, "पर चोरी आधी माझी हाय. तू काय वेगळं करायलास?"

मी चिडलो. इतकी वर्षं आपणच शेवटी होतो तेव्हा कुणाला आपला पुळका आला नाही, असं बरंच बोललो. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आबांनी ऐकून घेतलं आणि मग गावाला का नाही शेवटी टाकलंस, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी टँकरच्या पाण्याला तोंड लावलं नाही. पासष्टीचा माणूस सकाळी नदीच्या कोरड्या पात्रात जायचा, वाळूत झिरा उकरायचा आणि साठेल तेवढं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरून आणायचा. माय रडली, भांडली. मी तोंड चुकवत फिरलो. यादी बदलायचाही कंटाळा आलाय, असं स्वतःला सांगायचो. कंटाळा कसला, वस्तीतल्या लोकांची भीती वाटत होती.

एका सकाळी कचेरीला निघताना मी माठाकडे हात नेला, तर आबांनी आपल्या घागरीतलं पाणी तांब्यात ओतून पुढे केलं.

"हे पी," ते म्हणाले. "ह्यात कुणाचा वाटा न्हाई."

मी प्यालो. गढूळ होतं, तरी घटाघट प्यालो. मग कचेरीत गेलो आणि पुढच्या आठवड्याची यादी होती तशीच, तांडा शेवटीच ठेवून, लिहून सहीला ठेवली. पाऊस पडेपर्यंत आबा नदीवर जात राहिले आणि मी टँकरचं पाणी पीत राहिलो.