रबरी नाल

माझी घोडी वरातीची. राहते चेणे गावच्या मऊ मातीत आणि कमावते मीरा रोडच्या काँक्रीटवर. पावसाळ्यात वराती नसतात, म्हणून मी तिचे नाल काढून टाकतो. ओल्या मातीत खूर झिजत नाहीत, उलट लांबतात आणि कडेने पसरतात. लग्नसराईआधी नालबंदचाचा ते तासून आकारात आणतात.

गेल्या वर्षी ती लोखंडी नालांवर घसरली होती. म्हणून यंदा चाचांनी रबरी नाल बसवले. पहिल्याच वरातीत नवऱ्यामुलाची आई म्हणाली, “टापांचा आवाजच येत नाही. असली कसली घोडी?”

पुढे बँजो, मागे फटाके. त्यात टापा या बाईला कुठून ऐकू येणार होत्या? तरी मी दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो आणि लोखंडी नाल मागितले.

“आवाज किसको चाहिए?” दुसऱ्या एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन तासता तासता चाचांनी विचारलं.

मी नवऱ्यामुलाच्या आईचं नाव पुढे केलं. खरं तर काँक्रीटवरची ती टकटक मलाच मिरवायला आवडायची.

रबरी नाल तसेच राहिले. संध्याकाळी घोडी चेण्याच्या मातीत चालत होती. तिथे तिच्या टापा कधीच वाजल्या नव्हत्या, आणि मला ते कधी जाणवलंही नव्हतं.