देवाचं नाव नसलेलं गाणं

माझ्या लग्नात जेवणावरून, आहेरावरून, मांडवावरून कुणाचं काही बिनसलं नाही. भांडण झालं ते गाण्यांवरून.

आमचं घर खर्डीला. ख्रिस्ती घरं तिथे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे उपासना असायची. मामा पेटी उघडायचा आणि आई उठून दाराला कडी घालायची. शेजाऱ्यांपैकी कुणी कधी वाकडा शब्द काढला नव्हता, तरी घालायची. ‘उगाच कशाला कुणाला तरास,’ म्हणायची. उन्हाळ्यात घामाने निथळत आम्ही देवाची स्तुती करायचो. त्या कडीचा मला लहानपणापासून राग होता, आणि तो वयाबरोबर वाढत गेला.

दोन हजार साल उलटल्यावरची ही गोष्ट. मी आणि माझा होणारा नवरा मुरबाडच्या एकाच शाळेत शिकवत होतो. तो धसईचा, बौद्ध घरातला. त्याचे वडील एसटीतून नुकतेच निवृत्त झालेले कंडक्टर. देव, नवस, अंगारा, मुहूर्त, यातलं काहीही त्यांच्या घराचा उंबरा ओलांडू शकलं नव्हतं. एक दिवस शहापूरला आमच्या पद्धतीने लग्न, दुसऱ्या दिवशी धसईला त्यांच्या पद्धतीने, असं ठरलं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनीही बरेच आढेवेढे घेऊन होकार दिला. शहापूरच्या मांडवात आमची माणसं मूठभर असणार होती. बाकी सगळे धसईचे, आणि आमच्या शाळेतले मास्तर लोक. या मास्तरांना देव फक्त साहेब तपासणीला आले की आठवायचा.

मामाने लगेच धसका घेतला. ‘एवढी सगळी मंडळी देव न मानणारी. सारखं सारखं त्याचं नाव घेऊन त्यांचं डोकं कशाला उठवायचं? प्रेम असंल, शांती असंल, पण नाव नसंल, असं गाणं काढतो मी.’

आणि गीतांचं पुस्तक घेऊन तो खरोखरच बसला. पान उलटायचा, नाव आलं की मान हलवायचा, पुढे जायचा. शेवटी दुपारी विजयी चेहऱ्याने माझ्यासमोर आला. ‘हे बघ. अख्ख्या गाण्यात एकदाबी नाव नाय!’

मी वाचलं. संध्याकाळ झाली, नदी पार केली, दमलेला जीव घरी पोचला, आता विसावा.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘हे आपण कबरस्तानात म्हणतो.’

तो जरा चपापला. मग म्हणाला, ‘त्यांना काय ठावूक?’

‘आपल्याला ठावूक आहे ना! आत्या पहिल्याच ओळीला हंबरडा फोडेल. मग सांग त्यांना, नवरीची आत्या का रडते ते.’

आई हसली, पण बाजू तिने मामाचीच घेतली. ‘मग नुसती पेटी वाजवू दे गो. शब्दच नको.’ पाळकसाहेबांनी आणखी एक तोडगा काढला: उपकारस्तुतीच्या गीताचं एकच कडवं म्हणायचं आणि उरकायचं. माझं डोकंच फिरलं. देव वगळून उपासना करायची, तर मग पाळकांना तरी कशाला बोलवायचं? मांडवाला काही दार नव्हतं, म्हणून हे तिघं आता गाण्यालाच कडी घालायला निघाले होते. मी सांगून टाकलं: उपकारस्तुतीचं गीत पूर्ण होईल, सहाच्या सहा कडवी. आमच्याकडे पुस्तकं कमी, त्यामुळे एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची अशी रीत. म्हणजे प्रत्येक ओळ दोनदा आणि ते नावही दोनदा. येऊ दे.

‘गाण्याला सगळे उभे राहतात,’ आई म्हणाली. ‘ती माणसं बसून राहिली तर? आपलीच शोभा व्हायची.’

हे मात्र मलाही लागलं. मी तडक धसईला गेले. लग्नाआधी नवरी एकटी सासरच्या दारात, म्हणून आळीतल्या बायका बघतच राहिल्या. होणारे सासरे ओटीवर बसले होते. मी गाण्याचं सगळं सांगितलं.

‘पोरी, तुला फसवणार नाय,’ ते म्हणाले. ‘आमी देवासाठी उभं राहत नाय. माझ्या बापाने ते सोडलं, तेव्हा त्याला लय सोसावं लागलं. तुझ्या लग्नासाठीबी मी उठणार नाय.’

‘नका उठू, बाबा. पण मी एक ओळही कमी करणार नाय.’

त्यांनी माझ्याकडे तिकीट न काढलेल्या माणसाकडे बघावं तसं बराच वेळ बघितलं. मग आत वळून चहा सांगितला.

लग्नाच्या दिवशी गीत सुरू झालं. आमची मूठभर माणसं उठली, बाकीचा अख्खा मांडव बसलेला. पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी पंगत कधी बसणार ते विचारलं. तिसऱ्या कडव्याला ओळ सांगता सांगता मामाचा आवाज फुटला आणि गाणं तिथेच लटकलं. पुढची ओळ मीच सांगितली, नवरी असून, डोक्यावरचा पदर सावरत, जमेल तेवढ्या मोठ्याने. आमच्या माणसांनी ती उचलली. मग सहावं कडवं संपेपर्यंत ओळ मी सोडली नाही. पहिल्या रांगेत सासरे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. ते उठले नाहीत. पण मागे कुजबुज वाढली तेव्हा त्यांनी वळून असं काही बघितलं की सगळे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी धसईला बुद्धवंदना सुरू व्हायची वेळ आली. सगळे हात जोडून उभे राहिले, माझा नवराही. ‘मुकाट्याने हात जोड, तुझं सासर आहे ते,’ असं आईने निघताना दोनदा बजावलं होतं. मी खुर्चीतच बसून राहिले. हात जोडायचे ते माझ्या देवापुढेच, हे मी ठरवून आले होते. चुलतसासूने माझा दंड धरला. ‘ऊठ गो! लोक काय म्हणतील?’

तेवढ्यात सासऱ्यांनी माईक हातात घेतला.

‘तिला बसू द्या,’ ते म्हणाले. ‘काल मी बसलो होतो.’

मग वंदना त्यांनीच सांगितली, खणखणीत आवाजात, एक ओळही न गाळता. मी ती शेवटपर्यंत बसून ऐकली.