भिंतीकडे वळवलेलं स्टूल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, कारण तिच्यात चूक माझी आहे.

घाटकोपरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पोरगा कॅमेरे दुरुस्त करायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बायको गेल्यावर मुलीच्या बारशाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणून जुना कॅमकॉर्डर त्याच्याकडे नेला. घरी वायर कितीदा लावली, तरी कॉम्प्युटर कॅमेऱ्याला ओळखतच नव्हता. त्याने फक्त एक बटण ‘प्ले’कडे सरकवलं.

“काका, हा अजून शूटिंगच्या तयारीत होता. बघणं थांबवेल तेव्हा दाखवेल ना!”

कॅसेट जेवढी, तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो. त्याने स्टूल भिंतीकडे वळवलं आणि पाठमोरा बसला. “घरातलं आहे तुमचं, तुम्ही बघा.”

बायको पाळणा म्हणू लागली आणि मध्येच पडदा काळा झाला. मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, “पुसलंस तू!”

“काका, मी फक्त प्ले केलं.”

मी कॅमेरा हिसकावून निघालो.

घरी कॅसेट पुढे चालू दिली. त्या अंधारातून माझाच आवाज आला, “चालू झालं का हे?” कॅमेरा चालतो का ते त्याच्याकडे नेण्याच्या आदल्या दिवशी मीच रेकॉर्डिंग करून तपासलं होतं, त्याच कॅसेटवर, लेन्सचं झाकणही न काढता.

आठवड्याने परत गेलो. मला पाहताच तो म्हणाला, “मिळालं का काकूंचं गाणं?”

‘चुकलो रे’ एवढंच म्हणायचं ठरवून गेलो होतो. म्हणालो, “एक वायर दे.”