दुखतं म्हणून सांगितलं

पुनावळ्याला आमच्या घरात बाईनं दवाखान्यात जायचं, तर आधी कुठंतरी दुखायला लागायचं. नुसती गाठ दाखवायला सासूबाई रानातलं काम सोडू देणार नव्हत्या. थोरल्या जाऊबाईंच्या छातीत सुपारीएवढी गाठ आली तेव्हा त्या मला गोठ्यात हळूच म्हणाल्या, "दुखत न्हाई गं अजिबात." आणि मी शहाणीनं सासूबाईंना जाऊन सांगितलं, दिवसभर ठणकतंय त्यांना.

पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. चिंचवडला डॉक्टरांकडं गेलो तर सासूबाई शेजारीच बसलेल्या. जाऊबाई परपुरुषाशी बोलायच्या नाहीत, उत्तरं मी देत होते. डॉक्टरांनी पदरावरूनच चाचपलं आणि विचारलं, दुखतं का? आता काय सांगणार, कपाळ. "लई दुखतं," मी म्हणाले. मग गळूच असणार, असं त्यांनी ठरवलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, शेक घ्यायला सांगितलं. औषध आपल्या पिंपरीतलं, म्हणून आमचा त्यावर भारी विश्वास. असेच चार महिने गेले. गाठ काही हटली नाही, उलट वरची कातडी आत ओढली गेली.

मग सासूबाईंना न घेता पुण्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून चोळी काढायला लावली. बोटं सपाट ठेवून गाठ हलते का बघितलं, हात वर करायला लावले, काखेत चाचपलं. "दुखतं का?" सवयीनं मीच हो म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं."

जाऊबाई छताकडं बघत म्हणाल्या, "न्हाई. कंदीच न्हाई."

न दुखणाऱ्या गाठीचीच आम्हाला जास्त धास्ती असते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुकडा काढून दुर्बिणीखाली बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नव्हतं.

आठवड्यानं कळलं, कॅन्सर. स्तन काढून टाकला, पण तोवर कॅन्सर काखेत पोचला होता. ते चार महिने माझ्यामुळं गेले, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. जाऊबाईंनी मला त्यावरून कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

शेवटच्या महिन्यात त्यांना खरंच दुखायला लागलं. दात आवळून पडून असायच्या. सासूबाई उशाशी बसून विचारायच्या, लई दुखतंय का गं? मी तिथं असले की त्या न्हाई म्हणायच्या.